आपली मॅच कुणाशी पडली? शालेय फुटबॉलच्या ड्रॉकडे गडहिंग्लजकरांचं लक्ष का असतं

कोल्हापूर : पावसाळ्यात शालेय क्रीडा स्पर्धांचे वेध लागले की फुटबॉल खेळणाऱ्या हायस्कूलांत एकच चौकशी सुरू होते, 'आपली मॅच कुणाशी पडली?' चौकशी उगाच नसते. या स्पर्धा बाद पद्धतीनं होतात. हरला तो घरी, ते थेट पुढच्या वर्षीच. आणि दहावीच्या पोराला बऱ्याचदा त्या शाळेत पुढचं वर्ष नसतंच. त्यामुळं तगडा संघ पहिल्याच फेरीत समोर आला की अख्ख्या वर्षाचा सराव एका सामन्यावर येतो.

स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. जिल्ह्यात जिंकणारा संघ विभागाला जातो. तिथं सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे संघ भेटतात, मग राज्य. १९६० पासून चाललेला सुब्रतो चषक वेगळा. त्यात राज्याचा निवडक संघ नाही, तर जिंकलेली शाळाच स्वतःच्या नावानं देशपातळीवर उतरते.

खरी चुरस मात्र शहर विरुद्ध गडहिंग्लज. कोल्हापुरातली पोरं पेठांच्या, तालमींच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर बघत वाढतात. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण गडहिंग्लजही कमी नाही. दिवाळीत तिथं बाहेरचे नावाजलेले संघ खेळून जातात, मैदानाभोवती खेड्यापाड्यांतली माणसं दाटीनं उभी असतात. पोरांचा खेळ तिथंच बघून तयार होतो. अडचण प्रवासाची. पहाटे उठून साठ-सत्तर किलोमीटर एसटीनं जायचं आणि उतरल्या उतरल्या मैदानात. पाय मोकळे होईपर्यंत एखादा गोल बसलेला असतो. शक्य असेल त्या शाळेनं आदल्या रात्री मुक्काम करावा, हे अनुभवी क्रीडाशिक्षकांना सांगावं लागत नाही. प्रश्न खर्चाचा असतो.

चिखलात छोटे पास अडकतात. अशा दिवशी उंच, लांब चेंडू मारणारा संघ आणि न घाबरता पुढं येणारा गोलकीपर भारी पडतो. बरोबरी झालीच तर निकाल पेनल्टीवर, आधी पाच-पाच किक.

पालकांनी एक काम आजच करावं. शाळेच्या दाखल्यावरची आणि आधारवरची जन्मतारीख जुळते का, बघून घ्यावं. वयावर हरकत आली की पोरगं बाहेर बसतं, कधी संघच बाद होतो. दुरुस्तीला दिवस लागतात, आणि ड्रॉ लागल्यावर हातात दिवस उरत नाहीत.