थर्मोस्टॅट सत्तर म्हणतो, मग बाबांना थंडी का वाजते?

नोव्हेंबर उजाडला की आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतून एक वाक्य ऐकू येते, "आई-बाबांना इथली थंडी सोसत नाही." तेवढे बोलून आपण एक जाडजूड कोट विकत आणतो आणि विषय संपवतो. मीही तेच केले होते. कोट बाहेर जाताना कामी येतो. आमचे आई-बाबा मात्र दिवसाचे तेवीस तास घरातच असत. म्हणून हा लेख बाहेरच्या नव्हे, घरातल्या थंडीबद्दल आहे.

मी व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनियर. उष्णता कुठून कुठे जाते, हे बघण्यातच माझी नोकरीची पंचवीस वर्षे गेली. तरीही पुढची गोष्ट माझ्याच घरात घडली, म्हणून ती सांगायला थोडा संकोच वाटतो.

आम्ही अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये, शहरापासून चाळीस मैलांवर एका खेड्यात राहतो. घर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे, कुणा शेतकऱ्याने बांधलेले लाकडी घर. गावात नॅचरल गॅसची पाइपलाइन नाही. अंगणात प्रोपेनची टाकी आहे. ट्रक येतो, टाकी भरतो आणि बिल दाराला अडकवून जातो. २०२४ च्या नोव्हेंबरात आई-बाबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आले. त्यांना खालच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली दिली. जिने चढायला नकोत आणि दोन खिडक्यांतून शेत दिसते, म्हणून.

आई अधूनमधून म्हणे, "अरे, या खोलीत गार लागतं." मी हॉलमधल्या थर्मोस्टॅटकडे बोट दाखवून म्हणे, "आई, सत्तर आहे बघ. तुला सवय नाही, एवढंच." बाबा काहीच म्हणत नसत. रात्री प्रोपेन वाचावा म्हणून मी थर्मोस्टॅट साठावर उतरेल अशी सोय करून ठेवली होती.

जानेवारीतल्या एका पहाटे आईने हाक मारली. बाबा पलंगावर बसले होते, पांघरूण पायाशी सरकलेले. बोलणे जड, शब्द अर्धवट. "गाडी किती वाजता आहे?" असे दोनदा विचारले. हात गार, पण कुडकुडत नव्हते. आम्हाला वाटले, पक्षाघात. ९११ ला फोन केला, अॅम्ब्युलन्स आली. इमर्जन्सीत तपासण्या झाल्या, पक्षाघात नव्हता. अंगातले तापमान ९४.४ अंश फॅरनहाइट होते. ९५ च्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "ते झोपतात त्या खोलीत रात्री किती तापमान असतं?"

मला उत्तर देता आले नाही. मला फक्त हॉलमधले तापमान माहीत होते.

दुपारपर्यंत बाबा ठीक झाले. घरी येताना मी म्हटले, "बाबा, थंडी वाजत होती तर सांगायचं ना!" ते म्हणाले, "अरे, ट्रकवाला बिल ठेवून गेला तेव्हा तू सूनबाईशी बोलत होतास, ते ऐकलं. म्हटलं, तीन महिने तर काढायचेत."

थर्मोस्टॅट काय सांगत नाही

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून पृष्ठभागाचे तापमान मोजणारे यंत्र आणले. हॉलमधला थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, फर्नेसच्या बरोबर वर. तिथे ७०. आई-बाबांच्या खोलीतली हवा ६५. बाहेरच्या बाजूची भिंत ५८, खिडकीची काच ४५, जमीन ६०.

आता गंमत बघा. आपल्या शरीराला केवळ हवेचे तापमान कळत नाही. भोवतालच्या भिंती, काचा आणि छत यांच्याशी आपली उष्णतेची देवघेव सतत चालू असते. गावाकडे डिसेंबरच्या सकाळी ओट्यावर कोवळ्या उन्हात बसलेले आठवते ना? हवा गारच असते, पण ऊन अंगाला ऊब देते. सूर्याकडून येणारी उष्णता हवेला न विचारता थेट आपल्यापर्यंत पोचते. गार काचेजवळ याच्या नेमके उलटे होते. तिथे आपले अंग सूर्य होते आणि काच आपली ऊब घेत राहते.

खोलीत वारा नसेल तर हवेचे तापमान आणि भोवतालच्या पृष्ठभागांचे सरासरी तापमान यांचा मध्य काढावा. अंगाला साधारण तेवढे जाणवते. बाबांच्या पलंगाच्या दोन बाजूंना बाहेरच्या भिंती, उशाशी खिडकी. ६५ आणि ५८ यांचा मध्य साडेएकसष्ट. आणि हा दिवसाचा हिशेब झाला. रात्री थर्मोस्टॅट साठावर उतरल्यावर त्या खोलीत काय होत असेल, ते वाचकांनीच ठरवावे.

डेन्मार्कचे इंजिनियर फँगर यांनी १९७० मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले. माणसाला उबदार वाटणे सहा गोष्टींवर ठरते, असे त्यांनी मांडले. हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीर स्वतः निर्माण करते ती उष्णता. थर्मोस्टॅट यातली एकच गोष्ट मोजतो, आणि तीही हॉलमधली.

वय झाले की शरीरात काय बदलते

शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या जुन्या दिव्याएवढी उष्णता देतो. वयाबरोबर स्नायू कमी होतात आणि ही शेगडी मंद होते. थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसून आतली ऊब राखतात, तेही काम ढिले पडते. कुडकुडणे कमी होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थंडीची जाणीवच बोथट होते. म्हणून "थंडी वाजते का?" या प्रश्नाला "नाही रे" हे उत्तर प्रामाणिक असले तरी पुरेसे नसते. थायरॉइडची कमतरता, मधुमेह आणि काही औषधे यांनी यात भर पडते. गारठ्यात रक्तदाब वाढतो, त्यामुळे हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोकाही वाढतो.

अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग ही संस्था वृद्धांच्या घरात किमान ६८ अंश ठेवावे असे सांगते. ६० ते ६५ अंशांच्या, म्हणजे आपल्याला नुसत्या 'जरा गार' वाटणाऱ्या घरातही वृद्धांना हायपोथर्मिया होऊ शकतो, असा इशाराही देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांसाठी किमान १८ सेल्सियस, म्हणजे सुमारे ६४ फॅरनहाइट, ही मर्यादा सुचवली आणि वृद्धांना याहून जास्त लागू शकते असे म्हटले.

लक्षात ठेवण्याची लक्षणे अशी. गोंधळलेले बोलणे, जड जीभ, सुस्ती, अडखळती चाल, गार पडलेले पोट. कुडकुडणे थांबले म्हणजे बरे वाटले असे समजू नका. अशा वेळी घरी उपचार करत बसू नका, ९११ ला फोन करा.

आम्ही काय केले

पहिले काम फुकटचे. पलंग उचलून आतल्या भिंतीला लावला. उशाची खिडकी गेली, शेत आता खुर्चीतून दिसते. एवढ्यानेच आईची तक्रार निम्मी झाली. थर्मोस्टॅटची रात्रीची साठाची सोय काढून टाकली.

मग थोड्या पैशांची कामे. उशाजवळ एक साधा थर्मामीटर ठेवला. आता घरात त्याचाच आकडा खरा. खिडक्यांवर हेअर ड्रायरने ताणून बसवायचे पारदर्शक प्लास्टिक लावले, फटींत कॉक भरले, दाराला फोमची पट्टी आणि खाली झडप बसवली. जाड पडदे संध्याकाळी ओढायचे आणि दक्षिणेचे ऊन असेपर्यंत उघडे ठेवायचे. जमिनीवर जाड गालिचा, पण कडा पक्क्या चिकटवलेल्या, नाहीतर थंडी टळायची आणि पाय घसरायचा.

शेवटी मोठे काम. गरम हवा वर चढते आणि माळ्यातून निसटते. तिची जागा घ्यायला तळघराच्या फटींतून गार हवा आत येते. म्हणून माळ्यावर इन्सुलेशन घातले आणि तळघरात पाया जिथे लाकडाला भेटतो तिथल्या फटी बुजवल्या. पुढच्या हिवाळ्यात त्या खोलीत हवा ७१ आणि पृष्ठभाग सरासरी ६६ भरले, म्हणजे मध्य अडुसष्टाच्या पुढे.

कपड्यांबद्दल दोन शब्द. नऊवारी काय, सहावारी काय, साडीत पोट आणि पाय उघडे राहतात आणि खालून हवा खेळते. आईने साडी सोडली नाही, तसा आग्रहही कुणी धरू नये. आतून थर्मल, वरून लोकरीचे जाकीट आणि तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे, यावर तडजोड झाली. रात्री डोक्याला कानटोपी. आणि आपली गोधडी! तिच्या थरांत अडकलेली हवाच ऊब राखते. एक गोधडी अंगावर घ्या, एक अंगाखालीही घाला. गादीतूनही उष्णता जाते, हे आपण विसरतो.

आता पैशांचा हिशेब

आमचा एका हिवाळ्याचा प्रोपेन साधारण ८०० गॅलन. तीन डॉलर दर धरला तर २४०० डॉलर. रोज आठ तास तापमान सात ते दहा अंश उतरवले तर वर्षाकाठी दहा टक्क्यांपर्यंत बचत होते, असे सरकारचे ऊर्जा खाते सांगते. म्हणजे माझी बचत फार तर २४० डॉलर. त्या पहाटेच्या इमर्जन्सीसाठी व्हिजिटर इन्शुरन्सचे नुसते डिडक्टिबलच ५०० डॉलर होते. अॅम्ब्युलन्सचे बिल वेगळे.

दुसरा प्रश्न असा, की सारे घर तापवायचे की एक खोली? एक गॅलन प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू उष्णता असते. नव्वद टक्के कार्यक्षम फर्नेसमधून त्यातली ८२,००० घरात येते, म्हणजे २४ युनिट विजेएवढी. वीज २० सेंट युनिट असेल तर तेवढीच उष्णता साध्या विजेच्या हीटरने ४ डॉलर ८० सेंटना पडते. म्हणून हीटरने सारे घर तापवणे महाग, पण रात्री एकच खोली चार अंश वर ठेवायला तो परवडतो. हीट पंप एका युनिटात अडीच-तीन युनिटांएवढी उष्णता आत आणतो, म्हणजे तेच काम दोन डॉलरांच्या आत होते. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घटते. आपापले दर घालून हा हिशेब प्रत्येकाने करावा.

इन्सुलेशन आणि हीट पंपावरची फेडरल आयकर सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर पुऱ्या झालेल्या कामांना मिळत नाही. राज्याच्या आणि वीज कंपनीच्या योजनांची चौकशी मात्र जरूर करावी. उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबांसाठी घर बंदिस्त करून देणारी वेदरायझेशनची योजना १९७६ पासून आणि इंधनाच्या बिलात मदत करणारी लायहीप ही योजना १९८१ पासून आहे. आपल्यातले काही निवृत्त ज्येष्ठ खेड्यांत एकटे राहतात. त्यांनी संकोच न करता काउंटीच्या कार्यालयात विचारावे.

हे मात्र करू नका

स्पेस हीटर एक्स्टेन्शन कॉर्डवर लावू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. पडदे आणि पांघरुणापासून तो तीन फूट लांब हवा. कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपण्याच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म लावा. विजेच्या ब्लँकेटने आधी अंथरूण गरम करून झोपताना ते बंद करावे. मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल तर ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी, दोन्हींनी भाजते आणि कळत नाही. आणि 'दोन चमचे ब्रँडी' हा घरगुती उपाय विसरा. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर जाते. त्यापेक्षा आल्याचा चहा बरा.

मंडळी, या सगळ्यात एक उपाय असा आहे की ज्याला एक सेंटही लागत नाही. बिल आले की ते आई-वडिलांसमोर वाचू नका. ज्यांनी आयुष्यभर स्वतःच्या अंगावरचे पांघरूण आपल्या अंगावर सरकवले, ते आपल्या घरात आल्यावर पांघरूण मागत नाहीत. ते आपणच बघायचे असते.

आज रात्री जेवण झाल्यावर एक थर्मामीटर घ्या आणि आई-बाबांच्या उशाशी ठेवा. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तो वाचा. अडुसष्टाच्या खाली असेल, तर पलंग हलवण्यापासून सुरुवात करा.