हाताला मुंग्या येतायत? टेप लावायच्या आधी हे वाचा



शिलाई मशीन बंद पडलं की आपण लगेच मेकॅनिकला फोन लावतो. पण रात्री दोन-तीन वाजता हात बधिर होऊन जाग आली, तर हात झटकतो आणि परत झोपतो. शिवणकाम, मेंदी, केकवरचं आयसिंग, पार्लर, दिवाळीच्या चकल्या, दिवसभराचं बिलिंग... आपल्यापैकी कितीतरी जणांचा धंदा याच दोन हातांवर चालतो. सगळ्यात महागडी मशिनरी हीच, आणि सर्व्हिसिंग मात्र शून्य!

वर्कशॉपमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, ती रंगीत पट्टी लावली की ऑपरेशन टळतं का हो?" थोडक्यात उत्तर असं: सुरुवातीच्या टप्प्यात बऱ्याच जणांचं ऑपरेशनशिवाय भागतं. पण त्यात टेप ही मदतनीस आहे, मुख्य कारागीर नाही.

आधी दुखणं समजून घ्या

मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या (स्नायूबंध) आणि एक नस जाते. या नसेचं नाव मीडियन नर्व्ह. बोगद्यात सूज आली किंवा मनगट तासन्‌तास वाकलेलं राहिलं की नस दाबली जाते. यालाच कार्पल टनल सिंड्रोम म्हणतात.

ओळखायचं कसं? मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात येतात. करंगळी बहुधा सुटते. त्रास रात्री वाढतो आणि हात झटकला की बरं वाटतं.

घरी एक छोटी चाचणी करता येते. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटं खाली, मनगटं पूर्ण वाकलेली. असं ६० सेकंद थांबा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. चाचणीत काही जाणवलं नाही आणि रात्रीचा त्रास चालूच असेल, तरीही जा. मानेच्या त्रासामुळे किंवा मधुमेहामुळेही हात बधिर होतात. थायरॉइड, मधुमेह, संधिवात आणि गरोदरपण यांत कार्पल टनल जास्त दिसतो. म्हणून डॉक्टर शुगर आणि थायरॉइड तपासायला सांगू शकतात. गरज पडली तर नसेतून संदेश किती वेगाने जातो, तेही मोजतात.

टेप नक्की काय करते?

ही लवचिक टेप १९७० च्या दशकात जपानच्या केन्झो कासे यांनी विकसित केली. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर दिसली आणि जगभर पोचली. सुती कापड आणि चिकट थर, बस्स. त्यात औषध नसतं.

मनगटासाठी फिजिओथेरपिस्ट साधारणपणे तळहातापासून कोपराच्या दिशेने एक लांब पट्टी हलक्या ताणाने लावतात. मनगटाजवळ एखादी आडवी पट्टीही देतात. टेपमुळे मनगट वाकवताना आपल्याला जाणीव होते, काम करताना थोडा आधार वाटतो. छोट्या अभ्यासांमध्ये काही आठवड्यांपुरता दुखण्यात फरक दिसलाय. पण टेपने दाबलेली नस कायमची मोकळी होते, असं सिद्ध झालेलं नाही.

स्वतः लावणार असाल तर पहिल्यांदा फिजिओकडून शिकून घ्या. त्वचा कोरडी हवी, टेपचे कोपरे गोल कापा. ३ ते ५ दिवसांत काढा, आणि खाज किंवा पुरळ आलं तर लगेच काढा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मनगटाभोवती बांगडीसारखी घट्ट गुंडाळणं. त्याने दाब उलट वाढतो.

पैसे आधी कशावर घालायचे?

आता धंद्याचा हिशोब करू. टेपचा रोल साधारण ५ मीटरचा असतो. एका हाताला एका वेळी ३५ सेंटिमीटर लागली तर एका रोलमध्ये जेमतेम १४ वेळा भागतं. दोन्ही हात दुखत असतील तर ७ वेळा. खर्च परत परत येतो.

त्यापेक्षा आधी रात्री घालायचा मनगटाचा स्प्लिंट घ्या. तो मनगट सरळ ठेवतो, खर्च एकदाच, आणि डॉक्टर बहुधा सुरुवात यानेच करतात. निदान ६ आठवडे रोज रात्री घालायचा, आठवण आली तेव्हा नाही! त्याच्या जोडीला फिजिओने शिकवलेले व्यायाम. दिवसा कामाच्या वेळी स्प्लिंट अडचणीचा होतो, तिथे टेप उपयोगी पडते. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. त्याचा आराम बऱ्याचदा काही महिन्यांपुरता असतो.

आणि कामाची पद्धत बदला, नाहीतर वरचं सगळं वाया. कात्रीला धार लावून घ्या. मेंदीचा कोन इतका घट्ट भिजवू नका की प्रत्येक रेघेला जोर लागेल. ऑर्डर मोठी असेल तर कणीक मळायला मशीन घ्या. सोऱ्या एकाच व्यक्तीने दिवसभर दाबायचा नाही, पाळी लावा. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं हात मोकळे सोडा.

टेपवर थांबायचं नाही, अशी लक्षणं

- बधिरपणा दिवसरात्र राहतोय
- हातातून कप, सुई, कात्री निसटतेय
- अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होतोय
- गरम तवा किंवा इस्त्री लागलेली कळत नाही

यातलं एक जरी दिसलं तरी सीझन संपायची वाट बघू नका. नस फार काळ दाबलेली राहिली तर ऑपरेशननंतरही ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. ऑपरेशन बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून होतं, पेशंट सहसा त्याच दिवशी घरी जातो. जड कामाला मात्र काही आठवडे सुट्टी लागते. ती सुट्टी तुम्ही ठरवून घेतली तर ऑर्डर पुढेमागे करता येतात. हातानेच संप केला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

"टेपिंगचा कोर्स करून सेंटर टाकू का?"

हाही प्रश्न येतो. एक-दोन दिवसांच्या कोर्सवर "ऑपरेशनशिवाय १०० टक्के बरे" असा बोर्ड लावू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तुमच्या बोर्डावर विसंबून कुणी सहा महिने थांबलं आणि त्याचा अंगठा कमजोर झाला, तर ते नुकसान तुम्ही भरून देऊ शकणार नाही. टेप आणि स्प्लिंट दुकानात माल म्हणून जरूर विका. उपचार मात्र नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट करतील. त्यांच्याशी टाय-अप करा, गिऱ्हाइकाला त्यांचा पत्ता द्या. असं दुकान लोकांच्या लक्षात राहतं.

आजचा गृहपाठ सोपा आहे. पुढच्या सीझनची ऑर्डर घ्यायच्या आधी ती ६० सेकंदांची चाचणी करा. स्वतःची करा, आणि तुमच्याकडे काम करणाऱ्या ताई-दादांचीही. मुंग्या आल्या तर आधी डॉक्टरांची अपॉइंटमेंट, मग ॲडव्हान्स.

भेटू पुढच्या व्हिडिओत. हात जपा, धंदा वाढवा!