उघडे पुस्तक
मुलांनो, शाळेत तुम्हांला काय शिकवले जाते, हे जाणण्याचा अधिकार तुमच्या आईवडिलांनाही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. पाल्याची प्रगती पालकांस वेळोवेळी सांगणे, हे शिक्षकांचे कर्तव्यच ठरविले आहे. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालभारती’ची पुस्तके आता संगणकावरही विनामूल्य वाचता येतात. परंतु ज्यांना अक्षरओळखच नाही, अशा मातापित्यांना उघडे पुस्तकही बंदच असते. ते उघडणे तुमच्या हाती आहे. रोज सायंकाळी एक धडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांनी शंका विचारली, तर ती गुरुजींपुढे मांडा. कायद्याने दिलेला अधिकार घरापर्यंत पोहोचतो, तो असाच.