शांतता-उभारणी म्हणजे काय?

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीकरांना जानेवारी १९४८ची, हैदराबाद मुक्तिलढ्यासाठी केलेली बँकलूट आठवते आणि निजामाच्या शरणागतीचा १७ सप्टेंबरही. पण निजाम शरण आला की शांतता आली, हा समज अपुरा आहे. घराची आग विझवणे वेगळे, नवे छप्पर घालून चूल पेटवणे वेगळे. हे दुसरे काम म्हणजे शांतता-उभारणी (संघर्ष पुन्हा पेटू नये म्हणून केलेली दीर्घकाळाची कामे). शरणागतीनंतरही हिंसा झालीच. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेडही नोंदवला. उभारणीची कामे पुढे झाली: १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५२ मध्ये मतदान झाले. काही देशांत अशा कामाला परकीय मदतही मिळते, पण ते फक्त एक साधन. श्रीलंकेत २००९ मध्ये सरकार आणि तमिळ बंडखोरांमधले युद्ध संपल्यावर भारताने सुमारे ५०,००० घरांसाठी अनुदान दिले. तमिळांच्या सत्तेतील वाट्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.