ग्रामीण कुटुंबाचा इतिहास आणि त्याची अभिलेखसाधने : मराठवाड्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
इंग्लंडमध्ये इ.स. १५३८ साली टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकारक्षेत्रातील गावात, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. १८३७ साली नागरी नोंदणी सुरू होईपर्यंत तेथील शेतमजुराच्याही कुटुंबाचा माग लावण्याचे हेच प्रमुख साधन होते. मराठवाड्यातील खेड्यास असे एकसंध साधन लाभले नाही. येथे एकाच कुटुंबाच्या खुणा तीर्थक्षेत्र, तहसील कार्यालय आणि शाळा अशा निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यावर निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला व वंशावळ हा घरोघरीचा विषय बनला. अशा वेळी कोणता कागद काय सिद्ध करू शकतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

साधनांचे स्वरूप :
पहिले साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्री येणाऱ्या यात्रेकरूस उपाध्याय प्रथम गाव व आडनाव विचारतो आणि त्या घराण्याची वही काढतो. यात्रेकरू आपले, पित्याचे, आजोबांचे, भावांचे व मुलांचे नाव सांगतो, पूर्वीचा लेख पाहतो आणि स्वाक्षरी करतो. श्राद्धविधीत माता व पितामही यांचाही उच्चार होत असल्याने काही नोंदींत स्त्रियांची नावे आढळतात. जुने लेख बहुधा मोडीत आहेत.

दुसरे साधन महसुली कागदांचे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, हक्क नोंद पत्रक व इनामासंबंधीचे मुंतखब यांत जमीन कोणाच्या नावे होती हे कळते. निजामी राजवटीतील यांपैकी पुष्कळ कागद उर्दूत, तर त्याहून जुने फारसीत आहेत. त्यांवरील फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळविले असता इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, १३०० फसली म्हणजे इ.स. १८९०-९१.

तिसरे साधन शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचे. तीत विद्यार्थ्याचे नाव, जात व जन्मतारीख मिळते. मात्र १ जून ही तारीख वारंवार दिसली, तर ती प्रवेशाच्या सोयीसाठी लिहिलेली असण्याचा संभव अधिक, हे ध्यानात ठेवावे.

नावे जुळविण्यातील अडचण :
जुन्या कागदांत आडनाव अनेकदा नसते. मोडी कागदांत 'बिन' व निजामी कागदांत 'वल्द' या शब्दांनी पुत्रत्व दर्शविले जाते. त्यातच नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत आहे. समजा, एका कागदात 'सखाराम वल्द गणू' आणि दुसऱ्यात 'गणू वल्द सखाराम' असे आढळले. हा दुसरा गणू पहिल्या सखारामाचा पिता की पुत्र, हे नावांवरून ठरत नाही. तिसऱ्या कागदात पुन्हा 'सखाराम वल्द गणू' मिळाल्यास तो पहिलाच सखाराम समजून दोन पिढ्या गाळल्या जाण्याची शक्यता असते. म्हणून सन, गाव, सर्व्हे क्रमांक व भावांची नावे यांपैकी किमान दोन बाबी जुळल्याशिवाय दुवा पक्का मानू नये.

नोंदींच्या मर्यादा :
यांपैकी कोणताही कागद कुटुंबाचा इतिहास लिहिण्यासाठी तयार झालेला नाही. महसुली कागदास सारा भरणारा हवा होता. भूमिहीन मजूर त्यास दिसला नाही. तीर्थोपाध्यायाच्या वहीत यात्रेस जाऊ शकणाराच आला. ज्यांना क्षेत्री धर्मविधींचा अधिकार नाकारला गेला, त्यांचे पूर्वज तेथे शोधणे व्यर्थ ठरते. लग्न होऊन गेलेली कन्या महसुली कागदांतून बहुधा नाहीशी होते. पॅरिशची नोंदवही निदान दरिद्री माणसाच्याही दफनाची नोंद करीत असे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. नोंद न सापडणे म्हणजे कुटुंब त्या गावी नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही. तसेच गॅझेटिअर व जनगणना अहवाल समूहांची संख्या देतात, सामान्य कुटुंबांची नावे देत नाहीत. हैदराबाद गॅझेटिअरविषयीचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला; तथापि विशिष्ट व्यक्तीचे नाते सिद्ध करण्यास स्थानिक चौकशी व व्यक्तिगत नोंद यांची गरज उरतेच.

समारोप :
ज्यांच्याजवळ जमीन, यात्रा वा शाळा यांपैकी एकही कागद नाही, त्यांच्यासाठी वृद्धांच्या आठवणी हेच साधन उरते आणि ते दरवर्षी कमी होत आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मोडी व उर्दू वाचनाबरोबरच अशा मौखिक वंशावळी सन, स्थळ व कथन करणाऱ्याच्या संमतीसह लिहून घेण्याचे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हाती घ्यावे. हे काम सर्वप्रथम भूमिहीनांच्या वस्त्यांतून सुरू व्हावयास हवे, कारण तेथे मागे परतून पाहण्यास दुसरी वही नाही.