ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शने : पालकांनी कशाकडे लक्ष द्यावे?

वाढीचे हॉर्मोन कमी असलेल्या मुलांना ते सहसा रोज रात्री त्वचेखाली टोचून दिले जाते. 1985पर्यंत हे हॉर्मोन मृतांच्या पीयूषिका ग्रंथीतून काढत. त्यातून काही रुग्णांना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचे उघड झाले आणि तो प्रकार थांबला. आजचे हॉर्मोन प्रयोगशाळेत तयार होते, त्यामुळे ती भीती उरलेली नाही.

टोचल्या जागची लाली, खाज किंवा किरकोळ डोकेदुखी बऱ्याचदा आपोआप जाते. रोज एकाच जागी टोचले, तर तिथली चरबी झिजून खड्डा पडू शकतो. म्हणून मांडी, पोट, दंड अशी जागा बदलत राहावी.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. सततची डोकेदुखी, उलट्या आणि अंधूक दिसणे हे कवटीतला दाब वाढल्याचे चिन्ह असू शकते. अशा वेळी डॉक्टर इंजेक्शन थांबवून डोळ्यांचा पडदा तपासतात. दाब उतरल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरुवात करता येते. मूल लंगडू लागले किंवा गुडघा दुखतो म्हणाले, तर खुब्याचाही एक्स-रे काढावा लागतो. झपाट्याने वाढताना मांडीच्या हाडाचे टोक जागेवरून सरकू शकते आणि दुखणे गुडघ्यात जाणवते. पाठीचा बाक असेल, तर तोही वाढू शकतो.

रक्तातील साखर आणि थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत. मात्रा मनाने वाढवू नये, कमीही करू नये.