पाय गेल्यानंतरचे दिवस



गेल्या हंगामात ऊसनोंदीसाठी पवन मावळातल्या एका सभासदाच्या घरी गेलो होतो. मधुमेहाने जखम चिघळून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. ते पडवीत बसलेले, आणि मी आपला त्यांच्या धाकट्या भावालाच विचारतोय – क्षेत्र किती, लागण कधीची. शेवटी ते म्हणाले, "साहेब, ऊस माझा आहे. मला इचारा की." मी ओशाळलो. तेव्हापासून या विषयाची माहिती जमवली, ती आज देतो.

गुडघा शाबूत असला तर चालायला मेहनत पुष्कळ कमी पडते, म्हणून डॉक्टर शक्य तिथे तो वाचवतात. आणि घरी आल्यावर तो आपण घालवतो! आराम पडावा म्हणून घरची माणसं गुडघ्याखाली उशी देतात. काही आठवडे तसाच वाकलेला राहिला की गुडघा आखडतो, मग कृत्रिम पाय बसवणं अवघड होतं. पाय सरळ ठेवावा, रोज थोडा वेळ पालथं झोपावं, दवाखान्यात शिकवतात तशी आठच्या आकड्याची पट्टी बांधावी. सूज उतरून उरलेला भाग आकाराला येतो.

दुसरं, नसलेल्या पायाची बोटं दुखतात, खाजतात. याला कोणी भ्रम म्हणू नये, देवऋषीकडे तर नेऊच नये. दुखणं खरं असतं. औषधांनी आणि आरशात पाहून चांगला पाय हलवण्याच्या व्यायामाने अनेकांना उतार पडतो.

कृत्रिम पायासाठी आपल्याला लांब जायला नको. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे. तिथे नागरिकांनाही पाय मिळतात. 1971 च्या युद्धात सुरुंगावर पाय गमावलेले इयान कार्डोझो तिथूनच पाय घेऊन गेले आणि पुढे त्यांनी पायदळाची पलटण सांभाळली. लोणावळ्याहून लोकल आहेच.

मात्र बुटात घालायचा पाय आपल्या भातखाचरात काय कामाचा? कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला जयपूर फूट रबराचा. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, ओल्याची भीती कमी. तरी चिखलातून आल्यावर पाय धुऊन कोरडा करावा, आतला मोजा रोज बदलावा. कातडीवर लाल चट्टा उठून राहिला तर पाय काढून ठेवावा आणि दाखवून यावं. मधुमेह असेल तर उरलेला पाऊल रोज संध्याकाळी उजेडात न्याहाळावं. उसाच्या खोडव्यात टोचलेलं बुडखं कळतसुद्धा नाही.

ट्रॉली, यंत्र, रेल्वे अशा अपघातात शेतकऱ्याचा एक पाय गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 1 लाख रुपये, दोन अवयव गेल्यास 2 लाख रुपये मिळतात. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. दवाखान्याच्या धावपळीत हे दिवस निघून जातात, तेव्हा भावकीतल्या एकाने कागदांचं काम अंगावर घ्यावं. आजाराने पाय गेला तर ही योजना लागू नाही. पण 40 टक्के अपंगत्वाचा दाखला काढून ठेवावा, इतर सवलतींना तो लागतो.

आमचे ते सभासद आता काठी घेऊन बांधावर येतात. यंदाच्या आडसाली को 86032 च्या नोंदीला क्षेत्र त्यांनीच फिरून दाखवलं. पाणी द्यायला मात्र भाऊ जातो, सरीत काठी रुतते म्हणतात.